८ जीबीच्या दोन रॅम, दोन लग्नसराया आणि चार चिपांचं प्रकरण

रॅमचं (मशीन काम करताना वापरते ती तात्पुरती मेमरी) किट, ८ जीबीच्या दोन स्टिक. डीडीआर४ ही पिढी, ३२०० हा स्पीड, सीएल१६ हा लेटन्सीचा, म्हणजे उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेचा आकडा. वर काळ्या पत्र्याचं कवच, दिवेबिवे नाहीत. २०२३ च्या तुळशीच्या लग्नाच्या सुमारास घेतलं. ब्रँड नावाजलेला आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकट्या त्यांनीच केलंय असं नाही आणि मला वकिलाची नोटीस नकोय. मशीनमध्ये रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० चा चार स्लॉटचा मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काम लग्नाच्या अल्बमचं डिझाइन. सांगली-मिरजेतले काही स्टुडिओ फोटो आणून देतात, मी घरी बसून पानं लावते. गेम मी खेळत नाही. खेळणारा एक भाचा आहे, तो मध्ये येईल.

पहिल्या वर्षी विचारलं असतं तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. आता तीन. एक कंपनीच्या सर्व्हिसने खाल्ला, एक चार चिपांनी.

चांगलं आधी सांगते. डीलरने मशीन जोडून दिली तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २४०० दिसत होता. ३२०० चे पैसे घेऊन २४०० वर चालवून देणं आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात लबाडी नसते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम लेबलवरच्या स्पीडला चालवायचं सेटिंग, चालू करायचा कंटाळा असतो. मी चालू केला, ३२०० झाला, पुढे दीड वर्ष एकदाही तक्रार नाही. ज्यांनी आपल्या मशीनवर हे पाहिलेलं नाही त्यांनी आजच पाहावं. २४०० ला एका चॅनलमधून, म्हणजे रॅम ते प्रोसेसर या एका वाटेवरून, सेकंदाला १९.२ जीबी जातात, ३२०० ला २५.६. मधल्या फरकाचे पैसे तुम्ही दुकानात मोजून आलेले आहात.

एकाऐवजी दोन स्टिक घेतल्या याचा फायदाही लगेच दिसला. ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते याच रॅममधून ओढतं, त्यामुळे दोन चॅनल चालू असणं इथे चैन नाही, गरज आहे. स्टिक बोर्डवर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, शेजारी शेजारी नाही. बोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं आणि ती पुस्तिका डीलरकडेच राहते.

आता कामाचं गणित. अल्बमचं एक पान १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे १०८०० गुणिले ३६०० पिक्सेल. नुसतं कोरं पान उघडलं तरी फोटोशॉप खाली कोपऱ्यात १११ एमबी दाखवतं. त्यावर सात-आठ फोटो, प्रत्येकाचा मास्क, मागे धूसर केलेला एक मोठा फोटो, कोपऱ्यात तोरण-कलश, आणि ‘ताई, आधीचंच बरं होतं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी लांबलचक हिस्ट्री. दोन-तीन पानं एकदम उघडी असली की १६ जीबी कधी भरले कळत नाही. त्यात ग्राफिक्ससाठी बायोसमध्ये २ जीबी बाजूला काढलेले, विंडोजच्या वाट्याला १३.९. रॅम संपली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, लिहायला लागतं. माझी साटा एसएसडी सेकंदाला अर्धा जीबी देते. हायवेवरून थेट गावठाणातल्या बोळात शिरल्यासारखं होतं. हा दोष रॅमचा नाही, १६ जीबीचा आहे. तेव्हा तेवढंच परवडत होतं.

दुसऱ्या सराईत, ऐन वैशाखात, एक्सपोर्ट केलेल्या जेपीजीत गडबड दिसायला लागली. फोटो वरून नीट, मध्येच एका आडव्या रेषेपासून खाली सगळा रंग सरकलेला. एका नवरीचा हिरवा शालू कमरेखाली गुलाबी झाला. जेपीजीत फोटोचे छोटे ठोकळे पाडतात आणि प्रत्येक ठोकळ्याचा मूळ रंग हा आधीच्या ठोकळ्यापासूनचा फरक म्हणून साठवलेला असतो. मध्ये एक बिट बिघडला की तिथून पुढचा सगळा हिशेब चुकत जातो. पण असं एखाद्याच फाइलमध्ये व्हायचं, आणि तोच एक्सपोर्ट पुन्हा केला की फाइल चांगली यायची. त्यामुळे संशय सगळ्यांवर घेऊन झाला. कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह, एसएसडी, फोटोशॉप, वीज मंडळ.

डीलरकडचा मुलगा आला. दोन्ही स्टिक काढल्या, सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, फुंकर मारली, परत लावल्या. “झालं ताई.” हा उपाय थट्टेचा नाही. संपर्कावर धूळ, तेलकटपणा बसला असेल तर खरंच काम होतं. माझ्याकडे दोन दिवस झालं. मग ब्लू स्क्रीन, त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’. इतक्या स्पष्ट शब्दांत यंत्राने कबुली दिल्यावर खोडरबर बाजूला ठेवला.

विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं तर सगळं उत्तम आहे म्हणालं. त्याच्यावर विसंबू नका. मेमटेस्ट८६+ फुकट आहे, पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करायची. विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासायला मोकळी असते. रात्रभर लावून ठेवलं, सकाळी स्क्रीनवर लाल ओळींची रांग. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पाहिली. एक स्वच्छ, दुसरीत प्रत्येक फेरीला त्याच पत्त्यावर तोच बिट चुकतोय. म्हणजे स्लॉट निर्दोष, बोर्ड निर्दोष, स्टिकमधली एक चिप गेली. कोट्यवधी बिटांमधला एक बिट, आणि त्याने शालूचा रंग बदलला.

यात धडकी भरवणारी गोष्ट ब्लू स्क्रीन नाही. कार्डावरून डिस्कवर फोटो कॉपी करताना ते याच रॅममधून जातात. त्या काळात उतरवलेले मूळ फोटोसुद्धा संशयित झाले. एकेक उघडून तपासावे लागले. स्टुडिओवाल्यांनी कार्डं पुसली नव्हती हे माझं नशीब. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, एक बिट चुकला तर ती सुधारते. साध्या ५६००जीला ती चालत नाही, ‘प्रो’ लिहिलेला प्रोसेसर लागतो. आणि डीडीआर५ मध्ये ऑन-डाय ईसीसी असतं म्हणून दुकानदार सांगतात, ते चिपच्या आतल्या चुका निस्तरण्यापुरतं आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचा उपयोग नाही.

आता सर्व्हिस. वॉरंटी होती, त्याबद्दल वाद नाही. वाद हा की एक स्टिक खराब असताना दोन्ही मागितल्या. मी म्हटलं, एक चांगली आहे, मेमटेस्टचा फोटो पाठवलाय, ती माझ्याकडे राहू दे, सीझन आहे. फोनवरचा मुलगा नम्रपणे एकच वाक्य म्हणत राहिला, “मॅडम, किट है.” जोडी एकत्र तपासलेली असते, जुळलेली असते, म्हणून बदलून मिळेल ती जोडीच. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण तोवर मी मशीनमध्ये काय लावू, याचं उत्तर त्याच्या कागदावर नव्हतं. जीएसटी बिल, दोन्ही सिरीयल नंबरचे फोटो, कुरियर माझ्या खर्चाने. बिल जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. त्यांच्याकडून बदली स्टिक यायच्या आधी ‘आमची सेवा कशी वाटली’ हा मेसेज आला.

जोडी आली तेव्हा आषाढ लागला होता. तेच मॉडेल, तेच लेबल, तोच पत्रा. लावली, बायोसने रॅम बदलली म्हणून सेटिंग पुसलं होतं, एक्सएमपी परत चालू केला, ३२०० सीएल१६. मेमटेस्ट स्वच्छ. मी खूश. संध्याकाळी भाचा येऊन खेळायला बसला आणि म्हणाला, “मावशी, गेम आधीसारखा चालत नाही. मध्येच अडखळतोय.” मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला तेव्हा मशीनची माहिती दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं, आणि तिथे मेमरीच्या माहितीत एक ओळ दिसली. डिव्हाइस विड्थ, १६ बिट.

जुन्या जोडीचे मी काढून ठेवलेले स्क्रीनशॉट होते. त्यात ८ बिट.

ज्यांना हे क्षुल्लक वाटतंय त्यांच्यासाठी सांगते. रॅमच्या स्टिकची रुंदी ६४ बिट. आठ बिटांची चिप असेल तर आठ चिपा लागतात, सोळा बिटांची असेल तर चार पुरतात. जुन्या स्टिकवर एकेक जीबीच्या आठ चिपा होत्या, नव्या स्टिकवर दोन-दोन जीबीच्या चार. बेरीज दोन्हीकडे ८ जीबी. पण डीडीआर४ मध्ये आठ बिटांच्या चिपेत बँकांचे (मेमरीच्या कप्प्यांचे) चार गट असतात, सोळा बिटांच्या चिपेत दोनच. एका गटातून लागोपाठ वाचायचं तर थोडं थांबावं लागतं, दुसऱ्या गटाकडे वळलं तर थांबावं लागत नाही. गट निम्मे, म्हणजे वळायला जागा निम्म्या. लेबलवर स्पीड तोच, लेटन्सी तीच, पण आत रांगा जास्त. ज्या मशीनमध्ये ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं तिथे हे आधी कळतं. भाच्याला कळलंच.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की जाहीर केलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये क्षमता, स्पीड, लेटन्सी आणि व्होल्टेज आहे, बदली स्टिक या चारही बाबतींत मूळ मालाएवढीच आहे, चिपांची संख्या आम्ही कुठेच जाहीर केलेली नाही. वाचून मी खोक्यावरचं अक्षर न् अक्षर तपासलं. खरंच नाही! आणि मोजाव्यात तर वर पत्रा चिकटवलेला. पत्रा काढला की वॉरंटी गेली. डीडीआर४ ला १.३५ व्होल्टवर असल्या पत्र्याची गरज फारशी नसते. माझ्या खोलीत मे महिन्यात पंख्याखालीही घाम येतो, तेव्हासुद्धा रॅम काही तापून बंद पडली नाही. पत्रा शोभेचा आहे, आणि आता मला वाटतं झाकायचाही.

डीलरला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, आठ असो की चार, जीबी आठच आहेत ना?”

कंपनीची बाजू मला समजत नाही असं नाही. मोठ्या चिपा आल्या, लहान चिपा मागे पडत चालल्या, चार चिपांची स्टिक बनवायला स्वस्त. मग तसं करा की. पण मॉडेल नंबर बदला, लेबलवर छापा आणि शंभर रुपये कमी करा. तिन्हीपैकी एकही केलं नाही.

मग सुट्टीच्या दिवशी मी घड्याळ लावून बसले. तेच पान, तोच ॲक्शन, तेवढेच लेयर, जुन्या जोडीच्या वेळच्या नोंदी वहीत होत्याच. मला सिद्ध करायचं होतं की चार चिपांनी माझं नुकसान केलंय. सिद्ध झालं नाही. फोटोशॉपच्या माझ्या कामात फरक मोजण्याच्या चुकीइतकाच निघाला. एक्सपोर्टला तेवढाच वेळ, फिल्टरला तेवढाच. फक्त भाच्याच्या गेममध्ये तो अडखळा खरा होता. म्हणजे ज्याने रॅमचा एक रुपया दिला नाही त्याचंच नुकसान झालं. हे लिहिताना मला कळतंय की एवढ्यावरून तारा कापणं अन्यायाचं आहे. तरी कापते. मी आठ चिपांचे पैसे दिले होते.

आता जी गोष्ट खरी कामाची निघाली ती. जोडी कुरियरने गेली आणि हातात पाच अल्बम होते, तेव्हा डीलरकडून १६ जीबीची एकच स्टिक आणली. हिरवी, उघडी, पत्रा नाही, ऑफिसच्या मशीनमध्ये घालतात तसली. ३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट. साडेतीन हजारांच्या आत. उघडी असल्यामुळे काउंटरवरच चिपा मोजल्या, आठ. लेबलवर ‘१६ जीबी १आरएक्स८’ असं छापलेलंही होतं, म्हणजे एक रँक (चिपांचा एकच संच), आठ बिटांच्या चिपा. ज्यांना लपवायचं नसतं ते छापतात. एक्सएमपीची भानगड नाही, ३२०० हा तिचा मूळचाच स्पीड, लावली की चालू.

कागदावर ही मागे आहे. ३२०० ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल२२ म्हणजे १३.७५. शिवाय एकटी असल्यामुळे चॅनल एकच. मोठं पान झूम करून सरकवताना स्क्रीन जरा जड वाटायची, ते ग्राफिक्सचं दुखणं. पण काम अडलं नाही. तेव्हाच ठरवलं की पैसे हातात आले की हिची बहीण आणायची.

गणपतीच्या आधी दुसरी आणली. तोवर डीडीआर४ चे भाव हलायला लागले होते, तीच स्टिक काही शे रुपयांनी महाग मिळाली, कुरकुर करत घेतली. ३२ जीबी, दोन चॅनल. त्या दिवसापासून स्क्रॅच डिस्क हा प्रकार माझ्या आयुष्यातून जवळजवळ गेला. तीन पानं उघडी, ब्रिज (फोटो चाळायचं सॉफ्टवेअर) उघडं, ब्राउझरमध्ये गाणी चालू, तरी मशीन थांबत नाही. तीन-चार नॅनोसेकंदांसाठी आणि पत्र्यासाठी जे जास्तीचे पैसे जातात ते सरळ जास्त जीबीत घालावेत, हे माझं मत आता पक्कं आहे. निदान फोटो, अल्बम, डीटीपी करणाऱ्यांसाठी. भाच्याचं मत वेगळं आहे आणि त्याला ते स्वतःच्या पैशाने सिद्ध करायची मुभा आहे.

चारही स्टिक एकत्र लावून ४८ जीबी करायचाही लोभ झाला होता. एक्सएमपीवर मशीन सुरूच होईना, स्पीड बराच खाली आणल्यावर झाली. वेगवेगळ्या चार स्टिकांचं त्रांगडं हवंय कशाला, म्हणून सोडून दिलं.

नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट घाईघाईत. डीडीआर५ मध्ये ८ जीबीची स्टिक म्हणजे बहुतेक वेळा चारच चिपा, सोळा बिटांच्या. तिथे ते लपवाछपवीचं प्रकरण नाही, तसाच माल असतो. त्यामुळे डीडीआर५ घेणार असाल तर ८-८ ची जोडी घेऊ नका, १६ पासून सुरुवात करा.

अर्थात आजच्या भावात हा सल्ला देताना जीभ अडखळते. २०२५ च्या शेवटाला रॅमचं जे झालं ते सोन्याचंही झालं नाही. जगात रॅमच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिघींना एआयच्या सर्व्हरसाठी लागणारी एचबीएम मेमरी बनवण्यात जास्त पैसा आहे, मग तुमच्या-माझ्या स्टिकसाठी उरतं ते उरतं. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना माल विकणं ते बंद करताहेत. २९ वर्षांचा ब्रँड. आमच्याकडच्या निम्म्या डीलरांची भिस्त त्याच्यावर होती. कुणीतरी म्हणेल, साणंदला मायक्रॉनचा कारखाना आलाय ना, आता स्वस्त होईल. तिथे चिपांची जुळणी, पॅकिंग आणि चाचणी होते, मूळ चिप बाहेरूनच येते. शिवाय भाव ठरतो तो जगाच्या बाजारात, गुजरातेत बनली म्हणून सांगलीला सवलत मिळणार नाही. २०१७-१८ ला असाच भडका उडाला होता, तो नंतर उतरला. २०२५ चा कधी उतरेल याच्यावर मी पैज लावणार नाही.

तर ज्यांच्याकडे डीडीआर४ ची चालती मशीन आहे त्यांनी ती सांभाळावी. रॅम वाढवायचीच असेल तर उघडी, हिरवी, लेबलवर सगळं छापलेली घ्यावी, घेतल्या रात्रीच मेमटेस्ट लावावा आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने उडतात. जुनी स्टिक सेकंडहँड घेताना तर मेमटेस्टशिवाय पैसे देऊच नका.

चार चिपांची जोडी मी भाच्याच्या नव्या, म्हणजे त्याच्या दादाच्या जुन्या, मशीनमध्ये घातली आहे. परवा डीलरचा फोन आला, “ताई, ती ८-८ ची जोडी पडून आहे का? घेतो.” भाव सांगितला तो मी दिलेल्या किमतीपेक्षा जास्त होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं की चार चिपांची आहे. म्हणाला, “चिपा कोण मोजतंय?” दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये आहे. तोवर भाव टिकला तर जोडी निघणार, आणि भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही.